गरोदरपणातली कावीळ : ‘ई’ आईची, ‘बी’ बाळाची (इंदूर, देवास, महू)

चाचणीखोली · सोमवार, रात्री ९:१२

हा विषय इथे दर पावसाळ्यात निघतो आणि दर वेळी उसाच्या रसावर येऊन थांबतो. म्हणून एकदा नीट धागा काढतोय. मी लॅबवाला, तेव्हा सुरुवात कागदापासून.

आपल्याकडे ‘कावीळ’ हा एकच शब्द, पण त्याच्या पोटात दोन अगदी वेगळी दुखणी आहेत. हेपटायटिस बी असलेली गरोदर बाई बहुतेक वेळा ठणठणीत असते. डोळे पांढरे, भूक चांगली, फक्त रिपोर्टवर एक ओळ. तिथे धोका बाळाला. हेपटायटिस ई दूषित पाण्यातून येतो, डोळे पिवळेजर्द होतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत तो आईच्या जिवावर उठतो. पहिल्यात कुणाला घाई वाटत नाही. दुसऱ्यात घाई होते, पण ती कावीळ उतरवणाऱ्याकडे जायची.

आता रिपोर्ट. ‘एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे विषाणूच्या आवरणाचा तुकडा रक्तात सापडला, संसर्ग आहे. ‘अँटी-एचबीएस’ याच्या बरोबर उलट: तो पॉझिटिव्ह असेल तर संरक्षण आहे. दोन्ही नावांत ‘एचबीएस’ असल्यामुळे घरचे गोंधळतात, कधीकधी रिसेप्शनवरचेही. कार्डावरची झटपट चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली तर एलायझा या लॅबमधल्या चाचणीने पक्की करून घ्या. नुकतीच बीची लस टोचलेली असेल तर जवळपास १८ दिवस एचबीएसएजी खोटा पॉझिटिव्ह दिसू शकतो, हेही विचारून घ्यायचं.

बी पक्का झाला की पुढे एचबीईएजी (विषाणू जोरात वाढतोय याची खूण), डीएनए म्हणजे व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे), एसजीपीटी (लिव्हरची चाचणी), प्लेटलेट आणि क्रिएटिनिन (किडनीची चाचणी). डीएनएच्या रिपोर्टात आकडा वाचण्याआधी एकक वाचा. काही लॅब ‘आययू’ (आंतरराष्ट्रीय एकक) देतात, काही ‘कॉपीज’ (विषाणूच्या प्रती). १ आययू म्हणजे साधारण ५ ते ६ कॉपीज. औषध सुरू करायची रेघ २ लाख आययू प्रति मिली, म्हणजे कॉपीजमध्ये जवळपास १० लाख. ६ लाख कॉपीजचा रिपोर्ट बघून ‘रेघ ओलांडली’ म्हणणारे भेटतात. तो जेमतेम लाख-सव्वा लाख आययू असतो.

आणखी एक. गरोदरपणात अल्कलाइन फॉस्फटेज वाढतंच, कारण ते वारेतूनही येतं. अल्ब्युमिन थोडं उतरतं, कारण रक्तातलं पाणी वाढलेलं असतं. या दोन आकड्यांवरून लिव्हर बिघडलं असं धरू नका. एसजीपीटी मात्र नॉर्मल गरोदरपणात वाढत नाही. तो वाढला तर कारण शोधायलाच हवं.


पोहेजलेबी · सोमवार, रात्री ९:४०

छान धागा. दोन भोळे प्रश्न. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे सिझेरियनच करावं लागतं का? आणि अंगावरचं दूध बंद का?


लेबररूम · सोमवार, रात्री १०:०५

दोन्हींचं उत्तर नाही.

बी आहे म्हणून सिझेरियन करत नाहीत. सिझेरियन बाळंतपणाच्या कारणासाठी करायचं, विषाणूसाठी नाही. प्रसूतीत सांभाळायचं ते वेगळं: बाळाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावायचा नाही, गरज नसताना पाण्याची पिशवी फोडून ठेवायची नाही, चिमटा-व्हॅक्यूम अडलं तरच. बाळ बाहेर आलं की आईचं रक्त ओल्या स्वच्छ कपड्याने पुसून काढायचं आणि मगच कुठलीही सुई, अगदी व्हिटॅमिन के सुद्धा. मांडीवर रक्त तसंच असताना टोचलं तर आपणच विषाणू आत ढकलतो.

दूध पहिल्या तासातच पाजायचं. इंजेक्शन मिळेपर्यंत थांबवायचं नाही. दुधाने बीचा धोका वाढत नाही. बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) मिळालं की स्तनाला चीर पडलेली असली तरी बीसाठी दूध बंद करत नाहीत. हेपटायटिस सीमध्ये चिरेतून रक्त येत असेल तर तेवढ्या दिवसांपुरतं त्या बाजूचं दूध काढून टाकायचं, चीर भरली की परत सुरू.

आणि तो वेगळा पलंग, फाइलवर लाल पट्टी, ताटवाटी वेगळी हा प्रकार बंद करा. बी एका ताटात जेवून पसरत नाही. हातमोजे, सुईचा डबा, सांडलेल्या रक्तावर ब्लीचचं पाणी हे प्रत्येक बाळंतिणीला लागतंच, रिपोर्ट काहीही असो.

नव्या मुलींना मी एवढंच पाठ करायला लावते: ‘ई’ आईची, ‘बी’ बाळाची.


पोहेजलेबी · सोमवार, रात्री १०:११

हे भारी आहे. शीर्षकातच टाका.


चावडीप्रमुख · सोमवार, रात्री १०:३०

टाकलं.


पोटविकार · सोमवार, रात्री ११:२०

चाचणीखोली यांनी रेघ सांगितली, मी औषध सांगतो. मोठ्या माणसाला बीचा संसर्ग झाला तर १०० पैकी ५ पेक्षा कमी जणांत तो कायमचा राहतो. जन्माच्या वेळी लागला तर १०० पैकी जवळपास ९० बाळांत तो आयुष्यभर मुक्काम करतो, आणि तेच मूल तिशी-चाळिशीत सिरॉसिस किंवा लिव्हरचा कॅन्सर घेऊन ओपीडीत येतं. जन्माच्या वेळी काहीच दिसत नाही. बाळ रडतं, दूध पितं, बारसं होतं.

काहीच केलं नाही तर एचबीईएजी पॉझिटिव्ह आईकडून बाळाला लागण्याचा धोका ७० ते ९० टक्के. एचबीईएजी निगेटिव्ह असेल तर १० ते ४० टक्के. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन वेळेवर मिळालं तर धोका फार खाली येतो. तरी काही बाळं निसटतात, आणि ती मुख्यतः जास्त व्हायरल लोडच्या आयांची. टेनोफोविर ही विषाणूरोधक गोळी त्या बाळांसाठी आहे.

डीएनए २ लाख आययूच्या वर असेल तर टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅम, दिवसातून एक गोळी, साधारण २८व्या आठवड्यापासून. आपल्या भाषेत, डोहाळजेवणाच्या सुमारास. डीएनएची सोय नसेल तर एचबीईएजी पॉझिटिव्ह आहे यावरही सुरू करतात. आधी क्रिएटिनिन बघायचं. उशीर झाला, ३४व्या आठवड्यात कळलं, तरी ‘आता काय उपयोग’ म्हणू नका. लोड उतरायला निदान चार आठवडे मिळावेत एवढाच हिशोब असतो, तेव्हा त्याच दिवशी सुरू. एसजीपीटी वाढलेला असेल किंवा सिरॉसिसची शंका असेल तर मात्र २८ आठवड्यांची वाट बघायची नाही. तिथे औषध आईसाठीच लागतं.

चूक होते ती शेवटी. बाळंतपण झालं की घरचे गोळी आपणहून बंद करतात. डॉक्टरच्या सल्ल्याने ती प्रसूतीनंतर लगेच किंवा १२ आठवड्यांपर्यंत थांबवता येते, पण थांबवल्यावर हेपटायटिस उसळू शकतो. म्हणून पुढचे सहा महिने अधूनमधून एसजीपीटी. बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही, मग बाळाच्या लसींत गुंतते, आणि नेमकी हीच तपासणी राहते.

गर्भजल तपासणी करायची वेळ आली तर आधी लोड बघा. लोड फार असेल तर सुईमुळे धोका वाढतो.


तिसरीपिढी · मंगळवार, सकाळी ८:१५

इम्युनोग्लोब्युलिन महाग पडतं. सरकारी लस तर जन्मल्या जन्मल्या फुकट मिळते. मग लस पुरे नाही का?


आइसबॉक्स · मंगळवार, सकाळी ९:०२

पुरे नाही, पण तुमच्या प्रश्नात एक अर्धं सत्य आहे, ते वेगळं काढतो.

लस बाळाला स्वतःचं संरक्षण बनवायला शिकवते, त्याला आठवडे लागतात. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटिबॉडी, टोचल्याबरोबर कामाला लागते. प्रसूतीत आईचं रक्त बाळात जातं त्या क्षणापासून शर्यत सुरू झालेली असते. म्हणून दोन्ही. पण इम्युनोग्लोब्युलिन मिळत नाही म्हणून लस थांबवली तर मात्र गुन्हा. दोघांत जी आधी हाताशी येईल ती आधी.

वेळ: लस २४ तासांच्या आत सगळ्याच बाळांना, आई पॉझिटिव्ह असेल तर दोन्ही १२ तासांच्या आत. इम्युनोग्लोब्युलिन चुकलंच तर सात दिवसांपर्यंत देतात, पण ४८ तासांनंतर त्यातला दम कमी होत जातो.

प्रमाण: बाळाची लस ०.५ मिली, १० मायक्रोग्रॅम. इम्युनोग्लोब्युलिन ०.५ मिली, बाटलीवर बहुधा १०० आययू लिहिलेलं असतं. दोन्ही मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात, स्नायूत. कुल्ल्यावर नाही. लस डाव्या मांडीत, इम्युनोग्लोब्युलिन उजव्या. व्हिटॅमिन के त्याच मांडीत द्यायचं झालं तर निदान एक इंच अंतर. दोन औषधं एका सिरिंजमध्ये कधीही नाहीत. बाजारात शिरेतून द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही आहे, ते लिव्हर बदललेल्या पेशंटसाठी. मेडिकलवाल्याने घाईत तेच हातात ठेवलं तर? लेबल वाचा, ‘स्नायूत’ असंच हवं.

आता बिघडतं कुठे ते.

एक, गोठणं. बीची लस उष्णतेपेक्षा थंडीला जास्त घाबरते. उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठते आणि गोठली की तिच्यातली फिटकरी-जातीची पावडर गठ्ठे धरते, लस वाया. नातेवाईक मेडिकलमधून आणताना बर्फाच्या पिशवीत थेट बुडवून आणतात, ‘चांगली गार ठेवली’ म्हणून अभिमानाने. असं करू नका. आइसपॅक बाहेर काढून ठेवा, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मग वापरा, आणि बाटली कागदात गुंडाळून मध्ये ठेवा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची वेळ आली तर मधल्या कप्प्यात. दारात नाही, फ्रीजरखाली चिकटून नाही. हवं ते तापमान २ ते ८ अंश.

दोन, दहा डोसची बाटली. रविवारी रात्री एकच बाळ जन्मलं तर ‘एका बाळासाठी बाटली कशी फोडू’ म्हणून लस सोमवारवर ढकलली जाते. फोडलेली बाटली नियमाने २८ दिवस चालते, फक्त तारीख लिहून नीट थंड ठेवलेली हवी आणि मुदत संपलेली नको. नऊ डोस वाया जात नाहीत. हे कारण कुणी सांगितलं तर शांतपणे एवढंच म्हणा, ओपन व्हायल पॉलिसी.

तीन, बाळ एका दवाखान्यात आणि आई दुसऱ्या. कमी वजनाचं बाळ घाईने एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) हलवतात, चिठ्ठीवर वजन, श्वास, शुगर सगळं असतं, आईचा एचबीएसएजी नसतो. तिकडच्या डॉक्टरला कळायचा मार्गच नाही. २ किलोच्या आतल्या बाळालाही दोन्ही इंजेक्शनं १२ तासांतच. फक्त जन्माचा डोस मोजणीत धरत नाहीत, पुढचे तीन पूर्ण व्हायलाच हवेत.

तिसरीपिढी, पैशाचं: राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात तपासणी, टेनोफोविर आणि पॉझिटिव्ह आईच्या बाळासाठी इम्युनोग्लोब्युलिन हे मोफत धरलेलं आहे. जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजच्या केंद्रात नाव नोंदवायचं सातव्या महिन्यातच, कळा सुरू झाल्यावर नाही.


लेबररूम · मंगळवार, दुपारी २:२५

आइसबॉक्सदादांनी चौथं सोडलं, ते माझ्याकडून. माहेरचं बाळंतपण.

पोरगी सासरी पुण्याला, नागपूरला. तिसऱ्या महिन्यात तिकडे रक्त तपासलं, रिअ‍ॅक्टिव्ह आलं, डीएनएही झाला. सातव्या महिन्यात ओटी भरून पोरगी इंदूरला आली, फाइल सासरच्या कपाटात. इथला दवाखाना म्हणतो ‘जुने रिपोर्ट आणा’, घरचे म्हणतात ‘सगळं नॉर्मल होतं’. कधी सासूला सांगितलेलंच नसतं, म्हणून पोरगी आईलाही सांगत नाही. परिणाम: टेनोफोविर चुकतं, इम्युनोग्लोब्युलिन कुणी मागवत नाही.

त्यामुळे ३२व्या आठवड्यापर्यंत हे करून टाका. फाइलचे फोटो मुलीच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये. मातृ-शिशु कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ आणि तारीख. ही शरमेची पट्टी नाही, रात्री तीनला ड्युटीवर असलेल्या अनोळखी माणसासाठी निरोप आहे. दवाखान्यात जाऊन विचारायचं: इम्युनोग्लोब्युलिन आत्ता तुमच्या फ्रिजमध्ये आहे का, की आम्ही आणायचं? रात्री फ्रिजची किल्ली कुणाकडे? बाळ दुसरीकडे हलवलं तर टोचून पाठवणार की सोबत देणार? ‘वेळ आली की बघू’ हे उत्तर आलं तर औषध स्वतः आणून तिथल्या फ्रिजमध्ये नाव लिहून ठेवा.

आणि टोचल्यावर डिस्चार्ज कार्डावर दोन्हींची वेळ लिहून घ्या. नुसती तारीख नको, घड्याळातली वेळ.

रिपोर्टच नसलेली बाई कळा देत आली तर? कार्ड टेस्टला वीस मिनिटं लागतात. कळा तेवढा वेळ देतात.


पोहेजलेबी · मंगळवार, संध्याकाळी ६:५०

आता ‘ई’बद्दल. आठव्या महिन्यात सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) पाणीपुरी खाल्ली तर काय होतं, असं घरात विचारलं जातंय. उत्तर देणाऱ्याने कृपया सौम्य भाषा वापरावी.


पोटविकार · मंगळवार, रात्री १०:४५

सौम्य भाषेत: पुरी खा, पाणी सोडा. गरम गराडू, भुट्ट्याचा कीस कढईतून थेट पानावर येतो, त्याची मला भीती नाही. भीती पुदिन्याच्या पाण्याची, बर्फाच्या गोळ्याची, चिरून उघड्यावर ठेवलेल्या फळांची आणि उसाच्या रसाची. कावीळ झाल्यावर औषध म्हणून जो रस पाजतात, तो चरकावरच्या बर्फासकट काविळीचं मूळ असू शकतो.

आता कमी सौम्य. हेपटायटिस ई इतर माणसांत बहुतेकदा आपोआप बरा होतो. गरोदर बाईत, विशेषतः तिसऱ्या तिमाहीत, लिव्हर अचानक बंद पडू शकतं, आणि त्या टप्प्यावर लागण झालेल्यांपैकी मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलंय. परदेशी साइटवर ‘ई सौम्य असतो’ असं वाचून येणाऱ्यांसाठी: तिकडे प्रामुख्याने डुकराच्या मांसातून येणारा जीनोटाइप ३ (विषाणूचा एक उपप्रकार) आहे. आपल्या देशात पाण्यातून पसरतो तो जीनोटाइप १, आणि गरोदर बायकांना मारतो तो हाच. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तो ‘ई’ होता हे कितीतरी वर्षांनी, जपून ठेवलेली रक्तं तपासल्यावर कळलं.

लागण झाल्यापासून लक्षणांपर्यंत २ ते १० आठवडे जातात. आधी मळमळ, बारीक ताप, अन्नाचा वास नकोसा, मग चहाच्या रंगाची लघवी, मग डोळे. तपासणी आयजीएम अँटी-एचईव्ही, म्हणजे ‘ई’च्या ताज्या संसर्गाची अँटिबॉडी.

घरच्यांचं सगळं लक्ष बिलिरुबिनवर (काविळीच्या पिवळ्या द्रव्यावर) असतं, ‘आठ होतं, आता बारा झालं’. मी आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) बघतो, मग बाईशी दोन मिनिटं बोलतो. आयएनआर १.५ च्या वर आणि बोलण्यात गडबड, म्हणजे लिव्हर फेल होतंय. एसजीपीटी दोन हजारांवरून तीनशेवर आला म्हणून पेढे वाटू नका. आयएनआर त्याच वेळी चढत असेल तर आकडा उतरलाय तो लिव्हरच्या पेशीच संपत आल्यामुळे. हा सगळ्यात फसवा रिपोर्ट.

घरी ओळखायची खूण रात्रीची झोप. दिवसा गुंगी आणि रात्री टक्क जागी, दिवस-तारीख चुकते, नेहमीचा पोळीचा आटा भिजवताना पाणी किती ते कळेनासं होतं, हात समोर धरायला सांगितलं की पंजे फडफडतात. सोबत सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, बाळाची हालचाल कमी. यातलं एकही दिसलं की आयसीयू आणि रक्तपेढी असलेल्या ठिकाणी, आणि बाई बोलतेय तोवरच हलवायचं.

‘ई’साठी नेमकं औषध गरोदरपणात नाही. रिबाविरिन हे विषाणूरोधक औषध चालत नाही, गर्भाला घातक. उपचार म्हणजे टेकू देत राहणं: शुगर दर दोन-चार तासांनी, कारण लिव्हरचा साखरेचा साठा संपतो. लॅक्ट्युलोज (शौच मऊ करणारं औषध) असं की दिवसात दोन-तीन मऊ शौच व्हावेत. व्हिटॅमिन के. रक्त आणि प्लाझ्मा तयार, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हा मोठा घात. ‘बाळ काढून टाका म्हणजे आई सुटेल’ हा आग्रह धरू नका. त्याने आई वाचते असं दिसलेलं नाही. प्रसूती बाळंतपणाच्या कारणाने आणि गोठण सांभाळून. झोपेची गोळी नाही, ती गुंगी झाकते. ब्रुफेन-डायक्लोफिनॅक नाही. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या वर नाही.

सगळेच काढेही बंद. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर जी कावीळ ‘उतरते’, तो पिवळेपणा आधी हाताला चोळलेल्या सालीच्या रसाचा असतो. त्यात जाणारे दोन दिवस मात्र खरे असतात.


सुनीतीबाग · मंगळवार, रात्री ११:३०

आठव्या महिन्यात तळहात-तळपायांना रात्री भयंकर खाज येते, पुरळ नाही, डोळे पिवळे नाहीत. हीपण ‘ई’ का?


पोटविकार · बुधवार, सकाळी ७:१०

बहुधा नाही. तो गरोदरपणातला पित्त तुंबण्याचा आजार वाटतो. उपाशीपोटीच नको, केव्हाही रक्त द्या, पण बाइल अ‍ॅसिड आणि एसजीपीटी दोन्ही करा. बाइल अ‍ॅसिड १०० च्या वर गेलं तर पोटातल्या बाळाला धोका, बाळंतपण अलीकडे आणावं लागतं. म्हणून ‘खाजच तर आहे’ म्हणून सोडू नका.

तिसऱ्या तिमाहीत आणखी दोन चकवे. बीपी वाढलेलं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, प्लेटलेट लाखाच्या आत: हेल्प सिंड्रोम. उलट्या, तहान, शुगर खाली आणि एसजीपीटी काही शेकड्यांतच: गरोदरपणातलं फॅटी लिव्हर. या दोन्हींत बाळंतपण हाच उपचार, आणि वाट बघणं महागात पडतं. विषाणूच्या काविळीत एसजीपीटी बहुधा हजारांत. म्हणून ‘कावीळच आहे, पथ्य पाळा’ असं फोनवर कुणीही सांगू नये.


नळाचीचावी · बुधवार, रात्री ८:२०

पाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून मी.

इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किलोमीटर वर चढवून येतं आणि शुद्ध होऊन येतं. बिघडतं ते शेवटच्या दोनशे फुटांत. नळ चोवीस तास नसतो. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आत पोकळी तयार होते, आणि शेजारून गटाराची लाइन जात असेल तर सैल जोडातून घाण आत ओढली जाते. त्यात लोक थेट लाइनवर मोटर लावतात. मोटर पाणी ओढते तशी घाणही ओढते, स्वतःच्या घरात आणि शेजाऱ्याच्याही.

नळ आला की पहिली पाच-दहा मिनिटं पाणी झाडांना, फरशीला. गढूळ, वास किंवा फेस असेल तर त्या दिवशी टाकीत घेऊच नका. घरात गरोदर बाई असेल तर पिण्याचं पाणी खळखळून उकळा, मोठे बुडबुडे आल्यावर निदान एक मिनिट, आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. उकळून मग ओल्या माठात ओतलं आणि माठात हात घालून पेला बुडवला, तर उकळणं फुकट. ओगराळं वापरा. दात घासायला, कोथिंबीर धुवायलाही तेच पाणी. कँडल फिल्टर विषाणू अडवत नाही. आरओ अडवतो, पण पडदा फाटलेला नसेल तर.

हौद-टाकीसाठी: १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत, अर्धा तास थांबायचं. नळाशी शिल्लक क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. ते पट्टीने दोन मिनिटांत कळतं. पावडर उघड्या पिशवीत पडून वर्ष झालं असेल तर तिच्यात फक्त चुना उरलेला असतो.

आणि लक्षात ठेवा, आज दिसणारी कावीळ ही पाच-सहा आठवड्यांपूर्वीच्या पाण्याची असते. गल्लीत दोन केस निघाल्या म्हणून आजचा नमुना तपासला आणि तो चांगला आला, याने काहीच सिद्ध होत नाही.


तिसरीपिढी · बुधवार, रात्री ९:०५

‘ई’ची लस नाही का?


आइसबॉक्स · बुधवार, रात्री ९:३०

चीनमध्ये २०११ पासून परवाना आहे, तीन डोस. २०२२ मध्ये दक्षिण सुदानच्या बेंटियूत साथीच्या वेळी गरोदर बायकांनाही दिली गेली. आपल्या लसीकरण कार्यक्रमात नाही. तोवर नळाचीचावी यांची पोस्ट हीच लस.

हेपटायटिस ‘ए’ची निष्क्रिय (मृत विषाणूची) लस गरोदरपणात चालते, जिवंत लस नाही. टोचण्याआधी खोक्यावर कुठली ते वाचा.


सुनीतीबाग · गुरुवार, सकाळी १०:१५

आणि ‘सी’? अँटी-एचसीव्ही (‘सी’ची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आला तर?


पोटविकार · गुरुवार, दुपारी १:४०

आरएनए करा, म्हणजे रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का ते कळेल. निगेटिव्ह असेल तर संसर्ग जुना, मिटलेला. पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लागण्याचा धोका साधारण १०० त ५, आईला एचआयव्हीही असेल तर दुप्पट. लस नाही, इम्युनोग्लोब्युलिन नाही. गोळ्या बहुधा बाळंतपणानंतर, बारा आठवड्यांत बहुतेक बऱ्या होतात. बाळाची अँटिबॉडी तपासणी १८ महिन्यांच्या आत करू नका, आईच्याच अँटिबॉडी दिसतील. आरएनए दोन महिन्यांनंतर करता येतो.


नऊमहिने · गुरुवार, रात्री ८:५५

सगळ्यांनी जन्माच्या दिवसाचं लिहिलं. बालविभागातून पुढचं.

जन्माच्या डोसनंतर ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची एकत्र लस), त्यात बी आहेच, वेगळी टोचायला नको. पण पॉझिटिव्ह आईच्या बाळात तारीख घसरू देऊ नका. सुट्ट्यांत गावी गेलो, सर्दी होती, ही कारणं इतर बाळांत खपतात. इथे इम्युनोग्लोब्युलिनचा असर उतरत असतो आणि लसीने जागा घ्यायची असते.

मग ९ ते १२ महिन्यांत, गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसच्या आसपास, बाळाचं रक्त. चिठ्ठीवर दोनच नावं: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस, आकड्यासह. कोअर अँटिबॉडी (अँटी-एचबीसी) लिहू नका, ती आईकडून आलेली असते आणि दोन वर्षांपर्यंत दिसू शकते. त्यावरून बाळाला ‘पॉझिटिव्ह’ ठरवलेलं मी पुष्कळदा वाचतो. ९ महिन्यांच्या आतही तपासू नका, इम्युनोग्लोब्युलिनचाच आकडा मोजला जाईल.

एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस १० किंवा वर: झालं. एचबीएसएजी निगेटिव्ह पण आकडा १० च्या आत: एक डोस द्या, एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा, तरी कमी असेल तर उरलेले दोन. एचबीएसएजी पॉझिटिव्ह: बाळ लिव्हरच्या डॉक्टरकडे, आणि तेही शांतपणे, कारण बहुतेक मुलांना लगेच औषध लागत नाही, वर्षानुवर्षं नजर लागते.


पोहेजलेबी · गुरुवार, रात्री ९:२०

आणि बाप?


नऊमहिने · गुरुवार, रात्री ९:४१

बाप, आधीची मुलं, आणि बाईची आई-भावंडंही. सगळ्यांचा एचबीएसएजी. निगेटिव्ह असतील त्यांना लस ०, १ आणि ६ महिन्यांनी. बाप म्हणतो ‘मला काही होत नाही’. त्याला बाळाच्या सहा आठवड्यांच्या लसीच्या दिवशी सोबत बोलवा, तिथेच रक्त घ्या. परत येत नाही.